ब्रिटनने युरोपियन युनियनमध्ये परत जावं का? तिथे राहणाऱ्या मराठी माणसांना काय वाटतं?

जावं, असं माझं मत आहे. आणि हे सांगणारा माणूस २३ जून २०१६ ला, युनियनमध्ये राहायचं की बाहेर पडायचं या सार्वमतात, 'बाहेर पडा'समोर फुली मारून आलेला आहे, हेही आधीच सांगून टाकतो.

तेव्हा माझ्याकडे भारतीय पासपोर्ट होता. कॉमनवेल्थच्या नागरिकांना इथे राहत असले की मत देता येतं. त्यामुळे सांगलीहून आलेल्या मला मत होतं आणि दहा वर्षं शेजारी राहणाऱ्या पोलिश बाईंना नव्हतं. आम्ही लंडनजवळच्या स्लाऊमध्ये राहतो. देशात ५२ विरुद्ध ४८ झालं, आमच्या स्लाऊनंही 'बाहेर'च म्हटलं.

मी तसं मत का दिलं? भाच्यासाठी. ताईचा मुलगा हॉटेल मॅनेजमेंट करून कोल्हापुरात तंदूर सांभाळत होता. इथल्या एका हॉटेलवाल्याला तो हवा होता, जागाही तयार होती. व्हिसा नाकारला गेला, कारण आचाऱ्याच्या पगाराची अट इतकी वर नेऊन ठेवली होती की तो मालक सोडाच, स्लाऊतला कोणताच मालक तेवढा पगार देऊ शकला नसता. ताई फोनवर रडली. त्याच आठवड्यात समोरच्या घरात युरोपातली चार पोरं राहायला आली, एक कागद न दाखवता. माझा त्या पोरांवर राग नव्हता, नियमावर होता. प्रचारात आमच्याच रंगाचे पुढारी सांगत होते की युरोपचं दार लावलं तर भारतीय आचाऱ्यांसाठी दार उघडेल, करी हाउसं वाचतील. मला ते पटलं.

मतदानाच्या आठवडाभर आधी मेहुण्याचा फोन आला. तो आइंडहोव्हनला असतो. म्हणाला, "दाजी, ताईचे अर्धे डबे इकडे येतात. मत देताना तेवढं हिशेबात धरा." ताई म्हणजे त्याची बहीण, माझी बायको; आणि डबे फराळाचे. ती दिवाळीला फराळ करून विकते. तेव्हा निम्म्या ऑर्डरी समुद्रापलीकडच्या असायच्या: आइंडहोव्हन, अॅम्स्टेलव्हेन, म्युनिक, डब्लिन. खोक्यावर पत्ता लिहायचा आणि टाकायचं. स्लाऊहून लीड्सला पाठवावं तसं चौथ्या दिवशी पोचायचं. मी मेहुण्याला म्हटलं, "अरे, करार होईलच. जर्मनांना गाड्या विकायच्या आहेत की नाही?"

करार झाला. २०२० च्या नाताळच्या आदल्या दिवशी झाला. शून्य ड्युटी, शून्य कोटा. मी मेहुण्याला मुद्दाम फोन करून ऐकवलं. पण ड्युटी शून्य म्हणजे कागद शून्य नव्हे, हे मला कळत नव्हतं. जानेवारी २०२१ मध्ये टीव्हीवर दाखवलं की हूक ऑफ हॉलंडच्या बंदरात डच अधिकारी इंग्लंडहून आलेल्या ट्रकवाल्याचं हॅमचं सँडविच काढून घेतोय. आम्ही ते बघून हसलो.

त्याच वर्षीची दिवाळी. आइंडहोव्हनच्या मंडळींची अठरा डब्यांची ऑर्डर, मेहुण्यानं गोळा केलेली. प्रत्येक डब्यात बेसनाचे लाडू, चकली, शेव, चिवडा, ओल्या नारळाच्या करंज्या. बायको तीन रात्री उभी होती. फॉर्मवर 'आतले घटक' असा रकाना होता. मी प्रामाणिकपणे सगळं लिहिलं. त्यात तूप लिहिलं.

अकरा दिवस ट्रॅकिंगवर एकच ओळ: सीमाशुल्क तपासणीत. मग खोकी परत. सोबतच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं की मालात दुग्धजन्य पदार्थ आहे आणि आरोग्य प्रमाणपत्र जोडलेलं नाही. ते प्रमाणपत्र म्हणजे काय याची चौकशी केली. तूप कोणत्या मान्यताप्राप्त डेअरीचं, त्यावर कोणती प्रक्रिया झाली, हे सगळं दाखवायचं आणि त्यासाठी नेमलेल्या जनावरांच्या डॉक्टरची सही आणायची. लाडवासाठी जनावरांचा डॉक्टर! त्याची फी सगळ्या ऑर्डरीच्या नफ्याला पुरून उरली असती.

खोकी स्वयंपाकघराच्या टेबलावर उघडली. चकलीचा चुरा झाला होता. बायकोनं एक करंजी मोडली, नाकाशी नेली आणि बाजूला ठेवली. दुसरी मोडली. खवट वास माझ्यापर्यंत आला. तिनं अठराही डबे उघडले, एकही न मोजता सोडला नाही. लाडू ठीक होते, पण दिवाळी होऊन गेली होती. मग ती एवढंच म्हणाली, "मत द्यायच्या आधी मला विचारलं नव्हतंत."

म्हणून हा प्रश्न दिसला आणि लिहायला बसलो.

आता परत कसं जायचं ते. मेहुणा म्हणतो, उद्या अर्ज करा, होतं तसं होईल. होणार नाही. बाहेर पडायला आपल्याच देशातली एक फुली पुरली. आत जायला अर्ज करावा लागतो आणि सगळ्या सत्तावीस देशांना हो म्हणावं लागतं. १९८४ मध्ये तेव्हाच्या पंतप्रधान थॅचरबाईंनी भांडून मिळवलेली वर्गणीतली सूट गेली. पाउंड ठेवायची लेखी मुभा गेली, शेंगेनबाहेर (आपसातल्या सीमेवर पासपोर्ट न तपासणाऱ्या देशांच्या गटाबाहेर) राहायची मुभाही गेली. नव्यानं येणाऱ्याला युरो घ्यायचं वचन द्यावं लागतं. स्वीडननंही ते दिलंय, पण २००३ च्या सार्वमतात लोकांनी नको म्हटलं आणि तो देश आजही क्रोनाच वापरतो. म्हणजे 'युरो आला की सगळं संपलं' म्हणून घाबरवणाऱ्यांचं ऐकू नका. पण जुनं ताट तसंच वाढून मिळेल म्हणणाऱ्यांचंही ऐकू नका.

काही जण म्हणतात, पूर्ण सभासदत्व नको, नुसतं कस्टम्स युनियन घ्या, तुर्कस्तानसारखं. मला हा सगळ्यात वाईट तोडगा वाटतो. बाहेरच्या देशांसाठी जकात युरोप ठरवणार, तुम्ही ती लावणार, आणि ठरवताना तुम्हाला विचारणारही नाहीत. शिवाय भारताशी २४ जुलै २०२५ ला सही केलेल्या करारातली जकातीची सवलतही हातची जाईल. आणि माझ्या लाडवाचा प्रश्न तिथेच राहील, कारण लाडू ड्युटीपायी नाही, आरोग्याच्या नियमापायी अडला. नॉर्वेचा रस्ता त्यापेक्षा बरा. एकाच बाजारात राहायचं, माणसांची ये-जा मान्य करायची, पैसे द्यायचे. नियम ठरवताना मत मात्र नाही.

माझ्या मते आधी अन्नाच्या आरोग्य-नियमांचा करार पुरा करावा. मे २०२५ मध्ये लंडनच्या बैठकीत दोघांनी तो करायचं ठरवलं आहे. नियम त्यांचे, ते बदलले की आपण बदलायचे, वाद झाला तर शेवटचा शब्द युरोपच्या न्यायालयाचा. इथले काही लोक याला गुलामी म्हणतात. अठरा डबे परत आलेल्या घराला विचारा. मग नॉर्वेसारखं एका बाजारात, आणि त्यानंतर पूर्ण अर्ज. निव्वळ ५२ टक्क्यांच्या जोरावर मात्र पुन्हा नको. साठाच्या वर लोक हो म्हणतील तेव्हाच जा, नाहीतर पाच वर्षांनी पुन्हा बाहेर पडायची टूम निघेल आणि युरोपवाले दारातच उभे करणार नाहीत.

मेहुण्याशी माझा वाद अजून मिटलेला नाही. लाडवाबाबत तो बरोबर होता, हे मी त्याला तोंडावर सांगितलंय. पण तो चारचौघांत म्हणतो की दाजींनी युरोपातल्या लोकांच्या द्वेषानं मत दिलं. हे खोटं आहे. समोरच्या घरातल्या त्या चार पोरांपैकी एकानं पुढे आमचं स्वयंपाकघर टाइल लावून दिलं, दिवाळीला तो आमच्याकडेच जेवायचा. मी मत दिलं ते कोल्हापुरातल्या पोरासाठी. हेही खरं की २०२१ पासून आचाऱ्यांचे नियम सैल झाले. भाच्याचं तोवर लग्न होऊन पुण्यात बस्तान बसलं होतं. मग २०२४ मध्ये पगाराची अट ३८,७०० पाउंडांवर नेली आणि जुलै २०२५ पासून आचारी व्हिसा मिळणाऱ्या कामांच्या यादीतूनच काढून टाकले. म्हणजे ज्या दारासाठी मी फुली मारली ते तीन-चार वर्षं उघडं राहिलं आणि बंद झालं. मेहुण्यानं मला फसलेला म्हणावं, मी ऐकून घेईन. द्वेष करणारा म्हणू नये.

हे सगळं फराळाच्या खोक्यावरून बोलतोय. सरकारसाठी अंदाज बांधणाऱ्या स्वतंत्र अंदाजपत्रक कार्यालयाचा अंदाज आहे की बाहेर पडल्यामुळे देशाची उत्पादकता दीर्घकाळात ४ टक्क्यांनी कमी राहील. मासेमारीवाल्यांचं, उत्तर आयर्लंडचं गणित वेगळं आहे, त्यांच्या वतीनं मी बोलू शकत नाही.

आता आम्ही तिकडे फक्त चकली आणि शेव पाठवतो, तेलातली. लाडू मेहुण्याची बायको तिकडेच करते. बेसन भाजायला घेतलं की व्हिडिओ कॉल लावते आणि आमची ही इकडून बघत बसते. गेल्या वर्षी दोनदा ओरडली, "अगं, गॅस बारीक कर, अजून कच्चट वास येत असेल."