हातात ताकद आली, पण हातात काय आहे ते कळत नाही

पत्र: मी इंदूरला बारावीत आहे, बायोलॉजी घेतलंय. मागच्या वर्षी आजीला डाव्या अंगावर लकवा मारला. फिजिओथेरपीनं ती आता हात खांद्यापर्यंत उचलते, मूठ मिटते. डॉक्टर म्हणतात, पॉवर छान आली. पण डोळे मिटून डाव्या हातात सुपारी दिली तर सुपारी आहे की नाणं, ते तिला सांगता येत नाही. परवा गरम कुकरला हात टेकला, तिला कळलंसुद्धा नाही. असं का होतं आणि ते बरं होतं का, यावर काम करायचं असेल तर काय शिकायचं? बाबा म्हणतात मेडिकलची ‘नीट’ परीक्षा दे, नाही जमली तर ड्रॉप घे, म्हणजे वर्षभर थांबून पुन्हा दे. रिसर्चमध्ये पोट भरत नाही. काका म्हणतात, थेरपी म्हणजे मालिश. (नाव छापू नये.)

उत्तर:

सुपारी आणि नाणं घेऊन तू जे केलंस, ती न्यूरोलॉजीतली खरीखुरी तपासणी आहे. डोळे मिटायला सांगून रुग्णाच्या हातात ओळखीची वस्तू देतात आणि काय आहे ते विचारतात. तिथे सुपारीऐवजी किल्ली असते, एवढाच फरक. तुला कुणी शिकवलं नव्हतं तरी तू ते करून पाहिलंस, म्हणून तुझ्या पत्राला जरा लांबलचक उत्तर देतोय.

आधी आजीचा हात, कारण पुढचा सगळा सल्ला त्यावर उभा आहे. हात हलवण्याचा हुकूम मेंदूतून खाली जातो, स्पर्शाची खबर खालून वर येते. दोन्हींच्या वाटा वेगळ्या. बोटांच्या त्वचेतून आणि सांध्यांतून निघालेली बारीक स्पर्शाची खबर मज्जारज्जूच्या मागच्या बाजूनं चढते, मेंदूच्या देठाशी बाजू बदलते, थॅलॅमस या मेंदूच्या आतल्या भागात पोचते आणि तिथून मेंदूच्या वरच्या थरातल्या स्पर्शाच्या पट्ट्यात जाते. म्हणून उजव्या मेंदूतला झटका (स्ट्रोक, ज्यानं लकवा येतो) डाव्या हाताला भोवतो. थॅलॅमसला रक्त पुरवणारी एखादी बारीक वाहिनी बंद पडली तर ताकद शाबूत आणि स्पर्श गेला, असंही घडतं. आजीचं नेमकं कुठे बिघडलंय ते एमआरआय पाहून तिचे डॉक्टरच सांगतील, मी नाही.

मग ‘पॉवर छान आली’ म्हणून डॉक्टर थांबले कसे? त्यांची बाजूही समजून घे. ताकद ० ते ५ अशा आकड्यांत मोजता येते, फाइलवर लिहिता येते. स्पर्श तपासायला कापूस, टाचणी, ट्यूनिंग फोर्क आणि मुख्य म्हणजे वेळ लागतो. शिवाय उत्तर रुग्णाच्या तोंडून यावं लागतं, आणि थकलेला म्हातारा माणूस कंटाळून काहीही ‘हो’ म्हणतो. घरच्यांनाही आजी चालायला लागली की हायसं वाटतं. झटक्यानंतर सुमारे निम्म्या रुग्णांना स्पर्शाचा कमी-अधिक त्रास होतो, तरी त्याकडे लक्ष सगळ्यात शेवटी जातं. आणि ज्या हाताला काही जाणवत नाही तो हात ताकद असूनही माणूस वापरेनासा होतो. न वापरल्यानं तो आणखी मागे पडतो. तुझा प्रश्न या खाचेत बसलेला आहे. इथे काम करणारी माणसं कमी आहेत, हे तुझ्या पथ्यावरच पडेल.

संशोधन म्हणून या विषयाला जुना आणि रंगतदार इतिहास आहे. १९३७ साली माँट्रियलमध्ये पेनफील्ड आणि बोल्ड्रे यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी जाग्या असलेल्या रुग्णांच्या मेंदूला विजेचा हलका स्पर्श करून ‘कुठे जाणवलं?’ असं विचारलं आणि त्यातून स्पर्शाचा नकाशा मांडला. त्यात अख्ख्या पाठीला टीचभर जागा, अंगठ्याला आणि ओठांना ऐसपैस. हा नकाशा कायमचा कोरलेला आहे असं बराच काळ मानलं जायचं. १९८४मध्ये मायकेल मर्झेनिच आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की माकडाचं एक बोट गेलं तर मेंदूतल्या त्या बोटाच्या जागेवर शेजारची बोटं हातपाय पसरतात. मेंदू बदलतो, ही आशा तिथून बळावली.

यातला एक धागा आपल्याकडचाही आहे. हरियाणात मानेसरला राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे. तिथल्या नीरज जैन यांच्या गटानं मज्जारज्जूच्या मागच्या भागाला जुनी इजा झालेल्या माकडांचा अभ्यास केला. त्यांच्या मेंदूत हाताची जी जागा, ती हनुवटीला हात लावला की जागी व्हायची. सगळ्यांना वाटत होतं, बदल वरच्या थरात झालाय. २०१४मध्ये या गटानं दाखवलं की मूळ बदल खाली, मेंदूच्या देठात आहे. तिथला एक छोटा भाग औषधानं तात्पुरता बधिर केला की वरचा तो प्रतिसाद थांबतो. हे काम मज्जारज्जूच्या इजेवरचं आहे, लकव्यावरचं नाही, पण वाट तीच, आजीच्या हाताची. उपचार कुठे करायचा हे ठरवायचं तर बिघाड कुठे आणि बदल कुठे हे आधी कळावं लागतं, म्हणून असल्या कामाला मोल.

बरं होतं का, हा तुझा दुसरा प्रश्न. काही प्रमाणात, आणि सरावानं. ऑस्ट्रेलियात लीअॅन केरी यांच्या गटानं २०११मध्ये ५० रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध केली. एका गटाला नुसत्या वस्तू हाताळायला दिल्या. दुसऱ्याला फरक ओळखायला शिकवलं: डोळे मिटून पोत ओळखायचा, मग डोळे उघडून पडताळायचा, चांगल्या हातानं तोच पोत चाचपायचा आणि हळूहळू अधिक बारीक फरकाकडे जायचं. दुसऱ्या गटात सुधारणा जास्त झाली आणि ती काही महिने टिकलीही. घरच्या भाषेत सांगायचं तर आज टॉवेल आणि महेश्वरी साडीचा पदर, चार आठवड्यांनी महेश्वरी आणि साधं सुती. पण हे आजीच्या थेरपिस्टला विचारून, त्यांच्या देखरेखीखाली. आणि रोज परीक्षा घेऊ नकोस. आजी आहे ती, प्रॅक्टिकलचा बेडूक नव्हे. कुकरचं मात्र आजच घरात सांग: आंघोळीचं पाणी, चहाचा कप, इस्त्री, सगळं आधी उजव्या हातानं बघायचं. डाव्या अंगात जळजळ किंवा विचित्र दुखणं सुरू झालं तर लगेच डॉक्टरांना सांगा. झटक्यानंतर काही महिन्यांनीही तसं होऊ शकतं, आणि त्यावर औषधं आहेत.

आता करिअर. मार्कांच्या आधी एक ठरव: तुला रोज आजीसारख्या माणसांसमोर बसायचंय, की त्यांच्या मेंदूत काय चाललंय ते प्रयोगशाळेत शोधायचंय? दोन्ही म्हणशील, सगळेच म्हणतात. पण पहिली दहा वर्षं एकाच बाजूला जातात.

बाबांचा रस्ता चुकीचा नाही, लांब आहे. एमबीबीएस इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं, मेडिसिनचं एमडी तीन, न्यूरोलॉजीचं डीएम (एमडीनंतरची पदवी) आणखी तीन. आणि दारातली गर्दी बघ: २०२४च्या नीटला २३ लाखांवर मुलं बसली, एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर. नीट जरूर दे. ड्रॉपबद्दल माझं मत रोखठोक आहे. मॉक टेस्टचे आकडे कटऑफच्या जवळ असतील तर एक वर्ष, दुसरं अजिबात नाही. आपल्या भंवरकुआँ भागातल्या कोचिंगवाल्या मुलांच्या खोल्यांमध्ये तिसऱ्यांदा तेच मॉड्युल सोडवणारी हुशार मुलं मी पाहतो, आणि त्यांच्या आईबापांना काय सांगावं ते कळत नाही.

काकांना ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे काय ते एकदा विचार. हरवलेली जाण आणि रोजची कामं परत मिळवून देणं हेच तिचं मुख्य काम, म्हणजे तुझा प्रश्न जवळजवळ शब्दशः. भारतात हा अभ्यासक्रम १९५०मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांनी सुरू केला. जन्मानं अमेरिकन, लग्नानंतर निंबकर. माझ्या मते तुझ्यासाठी हीच सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात जवळची वाट आहे. फक्त एक अडचण आपल्या इंदूरकरांची खास. घरात कितीही मराठी बोललो तरी डोमिसाइल, म्हणजे रहिवासाचा दाखला, मध्य प्रदेशचं, त्यामुळे मुंबई-नागपूरच्या सरकारी कॉलेजातल्या महाराष्ट्र कोट्यावर आपला हक्क नाही. शिवाय महाराष्ट्रात या प्रवेशालाही नीटचेच गुण धरतात. या क्षेत्रासाठी २०२१च्या कायद्यानं राष्ट्रीय आयोग आला आहे आणि नियम बदलताहेत, तेव्हा फॉर्म भरायच्या वर्षीचं माहितीपत्रकच प्रमाण मान, शेजारच्या ताईचा अनुभव नको.

प्रयोगशाळा हवी असेल तर आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञानसंस्थांची प्रवेशपरीक्षा दे. भोपाळचं आयसर इथून काही तासांवर आहे, बीएस-एमएस ही जोडपदवी पाच वर्षांची. परीक्षेत चारही विषय असतात, गणितसुद्धा. बायोलॉजीची मुलं तिथेच मार खातात. ते नाही जमलं तर होळकर सायन्स कॉलेजमधून बीएस्सी करून पुढे चांगल्या संस्थेत एमएस्सी, हाही सरळ रस्ता आहे, त्यात कमीपणा नाही. पुढे पीएचडीला मानेसर, बंगळुरूचं निम्हान्स (मेंदू आणि मनोविकारांची संस्था), तिथलंच आयआयएस्सी (भारतीय विज्ञान संस्था). कुठेही गेलीस तरी स्टॅटिस्टिक्स आणि थोडं प्रोग्रॅमिंग टळणार नाही. मेंदूच्या स्कॅनमधून येतात ते आकडे, त्यांचा अर्थ काढायचा तर ते लागतंच.

पोटाबद्दल बाबांना खरं सांगू या. पीएचडीच्या जेआरएफला (सुरुवातीच्या संशोधन शिष्यवृत्तीला) जानेवारी २०२३पासून महिना ३७,००० रुपये मिळतात, सीनियर झाल्यावर ४२,०००, घरभाडं वेगळं. उपाशी कुणी राहत नाही. पण पैसे कधीकधी उशिरा येतात आणि कायमची नोकरी तिशी उलटल्यावर. बाबांची काळजी खोटी नाही. ती पोटापेक्षा इतकी वर्षं वाट पाहण्याची आहे, आणि ती त्यांनी तुझ्यासमोर मोकळेपणी मांडलेली बरी.

माझा कल सांगतो. नीट दे, आयसरची परीक्षाही दे. नीटमध्ये एमबीबीएसपुरते गुण पडले नाहीत पण ऑक्युपेशनल थेरपीपुरते पडले, तर ड्रॉपच्या आधी तिचा विचार कर. नंतर मास्टर्स आणि पीएचडी तिथूनही करता येते, आणि प्रयोगासाठी रुग्ण समोरच असतात. तू आजीच्या हातावरून सुरुवात केलीस, सूक्ष्मदर्शकावरून नाही, म्हणून मला तसं वाटतं.

पुढच्या पत्रात शेवटच्या दोन मॉक टेस्टचे मार्क लिही, गणित दहावीनंतर सोडलंस की ठेवलंस ते लिही, आणि बाहेरगावी शिकायला पाठवायला बाबा तयार आहेत का ते विचारून कळव. मग कॉलेजांची नावं काढू.