पटलं म्हणजे झालं का?

प्रिय मुली,

एक लेख वाचला की पटतो आणि त्याच्या विरोधातला वाचला की तोही पटतो, ही तुझी तक्रार वाचून बरं वाटलं. निदान दुसरी बाजू वाचायचे कष्ट तरी घेतेस. घोटाळा एवढाच, की ‘पटतंय का’ हा प्रश्न तू फार लवकर विचारतेस. आधी हे बघ, की लिहिणाऱ्याचं नेमकं म्हणणं काय आणि ते कशाच्या जोरावर.

ऑक्टोबर 1995 मध्ये ब्रिटनमधल्या औषध-सुरक्षा समितीने इशारा दिला: काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. दुप्पट! कितीतरी जणींनी धसका घेऊन गोळ्या बंद केल्या. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे 13 हजार गर्भपात जास्त झाले, असा अंदाज आहे.

आता ते ‘दुप्पट’ उलगडून बघ. जुन्या गोळ्या घेणाऱ्या साधारण 7 हजार जणींत एकीला गुठळी व्हायची, नव्या घेणाऱ्यांत दोघींना. बातमी खोटी नव्हती, पण दुप्पट कशाच्या, हेच लोकांपर्यंत पोहोचलं नाही. त्यात गरोदरपणात गुठळीचा धोका या गोळ्यांपेक्षाही जास्त असतो! म्हणून समितीने गप्प बसायला हवं होतं, असं मात्र मी म्हणणार नाही. गोळ्या लाखो जणी घेत असतील, तर 7 हजारांत एक हाही आकडा लहान नाही. टक्के आणि पट दिसले की मूळ आकडा शोधायचा, आणि मग तो किती जणांना लागू आहे तेही बघायचं.

युक्तिवादाचं थोडं वेगळं. आपल्याकडे खंडनाआधी पूर्वपक्ष मांडायची रीत आहे, ती मला फार आवडते. समोरच्याचं म्हणणं कागदावर असं लिही, की त्यानेही ‘हो, हेच म्हणायचंय मला’ असं म्हणावं. मग त्यातलं न बोललेलं गृहीतक शोध. रजोनिवृत्तीनंतर हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्या बायकांना हृदयविकार कमी होतो, असं बरीच वर्षं निरीक्षणांतून दिसत होतं. गोळ्या घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या बाकी सगळ्या बाबतींत सारख्याच, हे त्यात गुपचूप धरलेलं होतं. प्रत्यक्षात घेणाऱ्या बऱ्याचदा जास्त शिकलेल्या, तब्येतीला जपणाऱ्या असत. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत कोणाला गोळी द्यायची हे नशिबावर सोडलं, तेव्हा तो फायदा दिसलाच नाही; 2002 मध्ये चाचणीचा तो भाग मुदतीआधीच थांबवावा लागला.

कोण बोलतंय आणि त्याचा स्वार्थ काय, हेही बघावंच. पण स्वार्थी माणसाचं म्हणणंही खरं असू शकतं, तेव्हा तेवढ्यावर निकाल देऊ नकोस.

पुढच्या पत्रासोबत एका लेखाचा पूर्वपक्ष आणि त्यातलं गृहीतक लिहून पाठव. लेख मात्र तुला मनापासून पटलेला निवड. न पटलेल्याची चिरफाड तू माझ्याशिवायही करशीलच.