पोलीस आपलं बोलणं न सांगता रेकॉर्ड करू शकतात का?

तुम्ही लिहिलंय की एका तक्रारीच्या चौकशीसाठी पोलीस ठाण्यातून फोन आला, तुम्ही मोकळेपणाने बोललात आणि फोन ठेवताना अधिकारी म्हणाले, ‘हे सगळं रेकॉर्ड झालंय.’ आधी न सांगता केलेलं असं रेकॉर्डिंग कायदेशीर आहे का, हा तुमचा प्रश्न.

भारतात तरी त्यात बेकायदा असं काही नाही. बोलणाऱ्या दोघांपैकी एक जण स्वतः अधिकारी असेल, तर रेकॉर्ड करण्याआधी त्याने तुमची परवानगी घ्यावी असं बंधन घालणारा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. मी फौजदारी खटले चालवतो. हा प्रश्न विचारणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या मनात फोन टॅपिंगची भीती असते, पण टॅपिंग ही वेगळी गोष्ट आहे. तुम्ही तुमच्या भावाशी बोलताय आणि दोघांनाही न कळता तिसराच कोणी ऐकतोय, ते टॅपिंग. त्याला ठाणे अंमलदार किंवा तपास अधिकाऱ्याची मर्जी पुरत नाही. केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवांचा कारणांसह लेखी आदेश लागतो आणि तो पुढे आढावा समितीसमोर जातो. पूर्वी हे १८८५ च्या तार कायद्याखाली चालायचं, आता २०२३ च्या दूरसंचार कायद्याचं कलम २० आहे. नियम मोडून केलेलं टॅपिंग न्यायालय खपवून घेईलच असं नाही. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका लाच प्रकरणातले टॅपिंगचे आदेश रद्द करून ती रेकॉर्डिंग नष्ट करायला लावली होती.

तुमच्या फोनला यातलं काही लागू होत नाही. इथे लागू पडतो तो मुंबईतल्याच एका खटल्याचा निकाल, आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य. मुंबईच्या तेव्हाच्या कॉरोनरवर, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यावर, लाच मागितल्याचा आरोप होता. ज्या डॉक्टरशी त्यांचं फोनवर बोलणं झालं, त्याच्या संमतीने लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने ते टेप केलं. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये ते ग्राह्य धरलं: एका बाजूची संमती होती, म्हणून हे चोरून ऐकणं नव्हे. शिवाय पुरावा गैरमार्गाने मिळाला एवढ्याच कारणाने तो बाद होत नाही, असंही न्यायालय म्हणालं. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा २०१७ चा निकाल आल्यापासून आम्ही वकील या विधानावर जोरात वाद घालतो, आणि घातलाच पाहिजे असं माझं मत आहे. पण असं रेकॉर्डिंग केवळ तुम्हाला न सांगता केलं म्हणून फेकून दिलं जाईल, या भरवशावर राहू नका.

यापेक्षा महत्त्वाचं आहे ते त्या रेकॉर्डिंगचं पुढे काय करता येतं हे. पोलीस अधिकाऱ्याजवळ दिलेली गुन्ह्याची कबुली तुमच्याविरुद्ध सिद्ध करता येत नाही. जुन्या साक्ष कायद्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३ हेच सांगतं, मग ती कबुली कागदावर असो, फोनवर असो की कॅमेऱ्यासमोर. (त्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढ्या भागाचा अपवाद आहे.) तपास सुरू झाल्यावर पोलिसांनी घेतलेल्या जबाबाचा वापरही फार मर्यादित आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १८० खाली असा जबाब चित्रित करायला मुभा आहे, पण चित्रित झाला म्हणून जबाबाचं वजन वाढत नाही. फक्त हे ध्यानात ठेवा की गुन्हा दाखल होण्याआधीच्या प्राथमिक चौकशीत तुम्ही सहज बोलून गेलेली, कबुली नसलेली वाक्यं या संरक्षणाबाहेर राहू शकतात. तुमचा फोन बहुधा त्याच टप्प्यावरचा आहे. आणि सर्वांत घातक रेकॉर्डिंग असतं ते पोलिसांशी बोलतानाचं नव्हे, तर पोलिसांनी पाठवलेल्या तक्रारदाराशी बोलतानाचं. सापळ्याच्या खटल्यांत हेच असतं, आणि तिथे वरची संरक्षणं कामाला येत नाहीत.

रेकॉर्डिंग न्यायालयात आलं तरी ते तपासून घेता येतं. आवाज तुमचाच आहे का, मधला भाग कापलाय का, मूळ फोन कुठे आहे, हे सगळं विचारायचं. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. जालन्याच्या निवडणूक खटल्यात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, मूळ उपकरणच हजर केलं नसेल तर हे प्रमाणपत्र अनिवार्य आहे, असं बजावलं. तेव्हा जुना साक्ष कायदा होता, कलम ६५ब. नव्या कायद्यात प्रमाणपत्रावर फाइलची हॅश किंमतही (फाइलचा जणू डिजिटल ठसा) द्यावी लागते, म्हणजे नंतर फेरफार झाला तर पकडता येतो.

मला राग येतो तो एकाच गोष्टीचा: रेकॉर्डिंग पोलिसांच्या सोयीचं असलं की जपलं जातं, गैरसोयीचं असलं की ‘कॅमेरा बंद होता’. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालाने प्रत्येक पोलीस ठाण्यात आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे बसवायला सांगितलेत. चित्रण अठरा महिने, ते शक्य नसेल तर निदान वर्षभर ठेवायचं आहे. ते तुमच्याही उपयोगाचं आहे, वेळ जाण्याआधी मागा. तुम्ही स्वतः रेकॉर्ड केलं तरी चालतं. पोलीस ठाणं हे शासकीय गुपिते कायद्याखालचं ‘निषिद्ध ठिकाण’ नाही, त्यामुळे तिथे चित्रण करणं हा त्या कायद्याखाली गुन्हा होत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय.

पुन्हा फोन आला तर शांतपणे सांगा, ‘साहेब, लेखी नोटीस द्या, मी हजर राहतो.’ साक्षीदाराला बोलवायचं तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ प्रमाणे लेखी आदेशच लागतो. ज्या उत्तराने तुम्ही स्वतःच गुन्ह्यात अडकाल, ते द्यायला तुम्ही बांधील नाही. आणि परवाच्या फोनबद्दल आजच एक अर्ज करा: तारीख, वेळ, कोणत्या नंबरवरून फोन आला ते लिहा, पूर्ण रेकॉर्डिंग न कापता जपून ठेवावं अशी विनंती करा, आणि आपल्या प्रतीवर पोलीस ठाण्याचा आवक शिक्का घ्या.