वाचकांचे प्रश्न : संबंधाच्या वेळी ‘भिंत’ आडवी येते

प्रश्न : माझे वय 27 असून लग्नाला नऊ महिने झाले आहेत. संबंधाच्या वेळी योनीच्या तोंडाशी जळजळते आणि पुढे भिंत आडवी आल्यासारखे वाटते. आतापर्यंत दोनदाच संबंध कसाबसा पूर्ण झाला. यजमान समजूतदार आहेत, पण आता दोघांनाही रात्र नकोशी झाली आहे. पाळी नियमित आहे व तेव्हा फारसे दुखत नाही. सोनोग्राफीच्या अहवालात ‘रेट्रोव्हर्टेड युटेरस’ असे लिहिले आहे. मोठ्या जाऊबाई म्हणतात की काहींचा मार्ग जन्मतःच अरुंद असतो, एक मूल झाले की मोकळा होतो. माझ्या शरीरात दोष आहे का? (नाव व गाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)

उत्तर : अहवालातील त्या दोन शब्दांनीच तुमची झोप उडवलेली दिसते, म्हणून आधी ते निकालात काढू. साधारण पाच स्त्रियांपैकी एकीचे गर्भाशय पुढे मूत्राशयावर ओणवे असण्याऐवजी मागे, माकडहाडाच्या बाजूला कललेले असते, आणि बहुतेकींच्या बाबतीत हा कल डावखुरेपणाइतकाच निरुपद्रवी असतो. त्यामुळे क्वचित दुखलेच तर खोलवर आणि विशिष्ट स्थितीत दुखते. तोंडाशी होणाऱ्या जळजळीचा दोष त्याच्यावर ढकलता येत नाही.

आता जाऊबाईंच्या म्हणण्याकडे वळू. योनिमार्ग ही कायम उघडी असलेली नळी नव्हे. एरवी त्याच्या पुढच्या-मागच्या भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात आणि आतल्या अस्तराला साडीच्या निऱ्यांसारख्या घड्या असतात. एरवी सुमारे 7 ते 10 सेंटिमीटर असलेला हा मार्ग उत्तेजनेनंतर लांब व रुंद होतो, गर्भाशय वर ओढले जाते आणि भिंतींमधल्या रक्तवाहिन्यांतून ओलावा पाझरू लागतो. या सगळ्याला वेळ लागतो, आणि दोन खोल्यांच्या घरात, दाराबाहेर कोणी जागे असताना, नेमका तोच मिळत नाही. योनिपटल (योनीच्या तोंडाशी असलेला पातळ पडदा) जाड असणे किंवा मार्गात जन्मतः पडदा असणे असे प्रकार असतात, पण ते विरळा आणि तपासणीत समजणारे. मूल होण्याची वाट पाहणे हा यावरचा उपाय नाही. प्रसूतीच्या टाक्यांनी दुखणे वाढल्याचीही उदाहरणे आहेत.

तुम्ही जिला भिंत म्हणता, ती माझ्या अंदाजाने स्नायूंची आहे. पुढच्या जघनास्थीपासून मागच्या माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी ताणलेली असते आणि मूत्रमार्ग, योनिमार्ग व गुदमार्ग तिच्यातूनच बाहेर येतात. डोळ्याजवळ बोट नेले की पापणी जशी आपोआप मिटते, तशी दुखण्याच्या भीतीने ही झोळी आवळली जाते; आवळल्यामुळे पुन्हा दुखते आणि पुढच्या वेळी ती आधीच आवळलेली असते. डॉक्टर याला व्हजायनिस्मस म्हणतात. यात तुमच्या इच्छेचा किंवा यजमानांवरील प्रेमाचा कमीपणा नाही.

तूर्त प्रवेशाचा प्रयत्न पूर्ण थांबवा; जवळीक थांबवण्याचे कारण नाही. एकान्तात गुडघे उभे करून पडा, लघवी रोखल्यासारखे स्नायू क्षणभर आवळा आणि लांब श्वास सोडत ढिले सोडा. लक्ष स्नायू ढिले सोडण्याकडे द्या, कारण आवळण्याचे व्यायाम हल्ली ज्याला-त्याला सुचवले जातात, पण आधीच ताठलेल्या स्नायूंना ते त्रासदायक ठरू शकतात. पुढे काही दिवसांनी नख कापलेले, पाण्याधारित वंगण लावलेले एक बोट आत न्या. दिशा बेंबीकडे नको, माकडहाडाकडे हवी, कारण मार्ग तसाच तिरपा आहे. दुखले तर तिथेच थांबा. खोबरेल तेल घरात हाताशी असते, पण त्याने लॅटेक्सचा निरोध कमकुवत होऊन फाटतो, हे विसरू नका. बधिरतेचे मलम मनाने लावू नका.

हे सुरू करण्यापूर्वी स्त्रीरोगतज्ज्ञांकडून एकदा तपासून घ्या, कारण तोंडाशी होणारी जळजळ जंतुसंसर्गाने, त्वचेच्या विकाराने किंवा नुसत्या कोरडेपणानेही होते आणि त्यांचे उपचार निराळे असतात. दुर्गंधीयुक्त स्राव, ताप किंवा संबंधानंतर रक्तस्राव असेल तर मुळीच थांबू नका. ज्या वाचकांना खोलवर दुखते आणि पाळीतही असह्य वेदना होतात, त्यांनी एंडोमेट्रिओसिसची (गर्भाशयाच्या अस्तरासारखे अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या विकाराची) शंका डॉक्टरांकडे बोलून दाखवावी. तपासणीत दुसरे काही आढळले नाही, तर ओटीपोटाच्या स्नायूंचे उपचार करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे जावे. तिथे क्रमाक्रमाने मोठ्या होत जाणाऱ्या डायलेटरचा, म्हणजे योनीत ठेवायच्या गुळगुळीत नळ्यांचा, सराव शिकवतात, आणि त्याने पुष्कळ जणींना आराम पडतो.

असे प्रश्न छापणे आता सोपे झाले आहे; संततिनियमनाचा प्रचार करणारे र. धों. कर्वे यांच्यावर मात्र त्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातील अशाच उत्तरांवरून 1934 मध्ये खटला चालला होता आणि त्यांचे वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले होते. तेव्हा डॉक्टरांपुढे संकोच बाळगू नका. दुखते कुठे, तोंडाशी की खोलवर, हे चिठ्ठीवर लिहून न्या. आणि टेबलावर चढण्यापूर्वीच विचारा, ‘मी थांबा म्हटले की तुम्ही थांबाल ना?’ उत्तर ‘हो’ नसेल, तर दुसरे डॉक्टर शोधा.