पाळी गेल्यावर अंडाशय थांबतं, मग वाढलेल्या वजनाने स्तनाच्या कर्करोगाचा धोका का वाढतो?

बेळगावच्या टिळकवाडीतल्या माझ्या मावशीनं भाकरी थापता थापता हेच विचारलं होतं. अंडाशयातलं इस्ट्रोजेन, म्हणजे स्तनातल्या पेशींना वाढायला लावणारं स्त्री-संप्रेरक, तेव्हा जवळपास संपतं, हे खरं. पण चरबी म्हणजे नुसती साठवण नव्हे. तिच्यात अ‍ॅरोमॅटेज नावाचं एन्झाइम असतं, ते शरीरातल्या अँड्रोजेनचं (बायकांतही असणाऱ्या पुरुषी संप्रेरकांचं) इस्ट्रोजेन बनवतं. चरबी जास्त, तर इस्ट्रोजेनही जास्त. शिवाय फुगलेल्या चरबीपेशी मरतात, त्यांच्याभोवती रोगप्रतिकारक पेशी गोळा होतात आणि त्या धुमसत्या दाहातली रसायनं अ‍ॅरोमॅटेज आणखी वाढवतात. स्तनातही चरबी असतेच, म्हणजे हे अगदी शेजारी घडतं. त्यात इन्सुलिन वाढलं की इस्ट्रोजेनला बांधून ठेवणारं प्रथिन घटतं, म्हणजे मोकळं इस्ट्रोजेन वाढतं.

पाळी चालू असताना मात्र गणित वेगळं. तेव्हा जाडीमुळे हा धोका असा वाढताना दिसत नाही.

खाण्यातला एकच पदार्थ दोषी नसतो. गोड कुंदा सणाला जरूर खा, रोज जेवणानंतर नको. ज्वारीची भाकरी, उसळ, पालेभाजी आपल्याकडे आहेच, फक्त वरून तेलाची धार आवरा. सोयाबीनला घाबरू नका. दारू मात्र थोडीही धोका वाढवते. मावशी आता रोज सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर चालते, आठवड्याला 150 मिनिटं भरतातच.

आणि हो, बारीक बायकांनाही हा आजार होतो. गाठ हाताला लागली तर वजनकाटा बघत बसू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.