आधी आवक बंद कर

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. घर अंगावर येतं, कपाट उघडायला नको वाटतं, सगळं काढून टाकून नाशिकबाहेर गिरणाऱ्याकडे छोटंसं घर बांधावं आणि चार कपड्यांवर राहावं, असं लिहिलं आहेस. मध्येच एका ओळीत, कपाटं नीट लावायला बांबूच्या टोपल्या मागवल्याचंही लिहिलं आहेस. मी त्या ओळीवरच अडलो.

साधं राहावं हे तुला मी सांगायला नको. तुझ्या आजीचं घर मी पाहिलेलं आहे. पण तू सुरुवात उलट्या टोकाकडून करते आहेस. आधी आवक बंद कर. काय काढायचं ते मागाहून बघू. टोपल्या ही आवकच आहे, कितीही बांबूच्या असल्या तरी.

सातपूरला कारखान्याचं स्टोअर सांभाळण्यात माझी नोकरी गेली, तुला माहीत आहे. प्रत्येक मालाला एक बिन कार्ड टांगलेलं असायचं: आवक, जावक, शिल्लक आणि शेवटी सही. दर मार्चला मोजणी झाली की न हलणाऱ्या मालाची यादी निघायची. त्यात कितीतरी वर्षं काही बेअरिंगं होती, ग्रीसच्या कागदात गुंडाळलेली, नवीकोरी. ज्या मशीनची होती ते मशीन कधीच विकलं गेलं होतं. विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘असू द्या, लागेल कधीतरी.’ एकदा नव्या साहेबांनी हुकूम काढला, भंगारवाला बोलावला, रॅक चकचकीत मोकळे केले. खरेदी खात्याला मात्र कुणी काही बोललं नाही. पुढच्या मार्चला रॅक होते तसेच भरलेले! मोकळा रॅक दिसला की खरेदीवाल्याचा हात शिवशिवतो. तुझ्या दुसऱ्या बेडरूमचंही तेच होणार. दिवाळीआधी रिकामी करशील आणि सेलमध्ये भरशील.

शिवाय ‘काढून टाकलं’ म्हणजे जातं कुठे? घंटागाडीत, आणि तिथून पाथर्डीच्या खतप्रकल्पावर. कपडे कामवाल्या मावशींना दिले म्हणतेस. त्यांना हवे होते का, हे विचारलंस? त्यांच्याही घरी माळा आहे आणि तोही भरलेलाच असतो. आपली अडगळ दुसऱ्याच्या माळ्यावर चढवायची आणि त्याला दान म्हणायचं, हे मला पटत नाही.

म्हसरूळला गजपंथाच्या जैन तीर्थाच्या पायऱ्या चढली असशीलच. जैनांमध्ये मुनींसाठी अपरिग्रहाचं, म्हणजे काहीच जवळ न बाळगण्याचं महाव्रत आहे. संसारी माणसाकडून कुणी तेवढं मागत नाही. त्याच्यासाठी परिग्रह-परिमाण, म्हणजे आपल्याकडे किती असावं याची हद्द आपणच आधी आखायची आणि ती ओलांडायची नाही. केवढी व्यवहारी माणसं! तू मात्र एकदम मुनींचं व्रत धरायला निघतेस, ते पेलत नाही, मग रडतेस आणि रडू आलं की काहीतरी मागवतेस. बैराग्यांनाही सामान चुकत नाही, बरं का. 2015 च्या सिंहस्थ कुंभमेळ्यात तपोवनातल्या साधुग्रामात हिंडलो, तेव्हा मंडपांमागे शेगड्या, पातेली, ट्रक सगळं होतं. मी नावं ठेवत नाही. शेकडो माणसं जेवायला घालायची तर पातेली लागणारच. सामान असण्याची लाज धरू नकोस, एवढंच. हद्द आख.

आमचा जुन्या नाशकातला वाडा विकला, तेव्हा भावांनी तांब्याचा बंब, हंडे, पितळी पातेली सगळं भांडी बाजारात मोडीत घातलं. काट्यावर वजन झालं, पैसे वाटले गेले. माझ्या वाट्याला एक घंगाळ आलं, तेही हट्टानं. त्या पैशांतून घरोघरी नॉनस्टिकचे तवे आले, आणि दोन-चार वर्षांत त्यांचं अस्तर उडून तेही गेले. बंब आजही असता. म्हणून म्हणतो, घाईघाईनं काढायला लागलं की चांगलं तेच आधी जातं, कारण त्याला भाव येतो. आणि आवक चालूच राहते.

लोक मला चिकट म्हणतात. म्हणू देत. माझ्या मुलीच्या लग्नात पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ छापायचं म्हणून मी व्याह्यांशी वाद घातला. तरी शर्टपीस आणि ब्लाउजपीस आलेच. संक्रांतीला आमच्याकडे वाण म्हणून तिळगूळच द्यायचा, असं मी ठरवून टाकलं होतं. तुझ्या काकूला ते बरीच वर्षं लागलं. शेजारणी प्लास्टिकचे डबे वाटायच्या आणि तिला ओशाळल्यासारखं व्हायचं, हे मला दिसत होतं. तरी मी हटलो नाही, आणि मला अजूनही वाटतं की बरोबरच केलं. आमच्या सिडकोच्या दोन खोल्यांत आजही पाय पसरायला जागा आहे. (पुस्तकांची दोन कपाटं आहेत, ती मोजू नकोस. ती वेगळी गोष्ट आहे.)

तू एक वही घे. नवी नको, घरात अर्धी कोरी पडलेली असेलच. दारातून जे आत येईल ते लिही: तारीख, वस्तू, कुणी मागितली, कुठे ठेवली. वाण, आहेर, ऑफिसात मिळालेला मग, एकावर एक फुकट आलेला शॅम्पू, सगळं. ‘कुठे ठेवली’ हा रकाना भरता आला नाही, तर वस्तू दारातूनच परत. एक सिंहस्थ, म्हणजे बारा वर्षं, निघेल इतकं सामान जमवून झालं आहे तुझं, अजून काही महिने काही आलं नाही तर उपाशी मरणार नाहीस. तोवर कपाटाला हात लावू नकोस. कंटाळा येईल. येऊ दे.

आता गिरणाऱ्याच्या प्लॉटचं. साधं राहण्यासाठी दुसरं घर! म्हणजे दुसरा फ्रिज, दुसऱ्या गाद्या, दुसरा गॅस आणि दर शनिवारी गाडीत भरून न्यायचं सामान. शिवाय आपण शेतकरी खातेदार नाही, आपल्याला शेतजमीन घेता येत नाही. एजंट ‘फार्महाऊस प्लॉट’ म्हणतो तेव्हा तो एन.ए., म्हणजे बिगरशेती आहे, की शेताचे गुंठे पाडून विकतो आहे, हे विचारलंस का? टोकन दिलं नसशील तर देऊ नकोस. दिलं असशील तर पावती, सातबारा आणि एन.ए.चा आदेश घेऊन ये, मी बघतो.

तुझा,
काका