कारखान्यात व्यवस्थापक, घरी दोन मुले आणि सुटलेला तबल्याचा रियाज: मेळ कसा घालावा?

तुम्ही दिलेली माहिती अशी: गोव्यात फोंड्याला फ्लॅट, वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत उत्पादन व्यवस्थापक, कारखाना तीन पाळ्यांत, पत्नीही नोकरीला, मुलगी नववीत, मुलगा तिसरीत, आणि 'मध्यमा पूर्ण' ही परीक्षा झाल्यावर तबला सुटला. 'रोज एक तास काढायचा ठरवतो आणि आठवड्याच्या आत मोडतो,' असे म्हणता.

रोजचा तास सोडून द्या. हिशेब दिवसाचा नको, वर्षाचा मांडा, कारण कारखाना, घर आणि तबला या तिघांचेही हंगाम ठरलेले असतात. मार्चमध्ये वर्षअखेर, त्याच सुमारास मुलांच्या परीक्षा. तेव्हा रियाज वाढवायला गेलात तर घरचे चिडणार आणि त्यांचे बरोबरच असणार. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा दोन सत्रांत होतात, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. त्यापुढच्या, म्हणजे विशारद प्रथमच्या परीक्षेला बसायचे असेल तर दुसरे सत्र घ्या. तयारी जुलै ते ऑक्टोबरमध्ये येते, आणि श्रावणात भजनाची साथ मिळाली की हात आपोआप चालता राहतो. मुलगी दहावीत असेल त्या वर्षी परीक्षा नको, फक्त हात टिकवा.

अडचण चवथीची, म्हणजे गणेश चतुर्थीची. त्या आठवड्यात रजा सगळ्यांनाच हवी असते आणि यंत्रे तर थांबत नाहीत. पाळ्यांचा तक्ता दोन महिने आधी लावा: चवथीला कामावर येणाऱ्यांना नाताळात किंवा दिवाळीत हक्काची सुट्टी, आणि नाताळात येणाऱ्यांना चवथीची. आपल्याकडच्या मिश्र कामगारवर्गात ही अदलाबदल सहज जुळते. मात्र ती लेखी हवी, नाहीतर डिसेंबरात कोणाला काही आठवत नाही. दीड दिवसाचा गणपती असेल तर तुमची स्वतःची रजाही याच तक्त्यात, सर्वांना दिसेल अशी लिहा.

आता फोन. रियाज मोडतो तो बहुधा वेळ नसल्याने नव्हे, फोनमुळे. पाळी-प्रमुखांना एका पानावर लिहून द्या की अपघात, बॅच बिघडणे किंवा तापमान मर्यादेबाहेर जाणे, आणि वीज-वाफ-पाणी बंद पडणे, या तीनच गोष्टींसाठी कधीही फोन करावा. बाकी सगळे पाच ओळींच्या पाळी-अहवालात, सकाळपर्यंत. त्याचबरोबर अधिकारही द्या: जादा वेळाची मंजुरी, दुरुस्तीवाल्याला बोलावणे, माणूस एका विभागातून दुसऱ्यात हलवणे. अधिकार न देता 'फोन करू नका' म्हटले तर काम अडते आणि फोन दुप्पट येतात. पहिले दोन आठवडे यादीबाहेरचे फोन येणारच. तेव्हा तोडगा सांगू नका, 'तुम्हाला काय वाटते, तेच करा आणि अहवालात लिहा' एवढे म्हणा. पण ओरडू नका. ओरडा खाल्लेला माणूस पुढच्या वेळी खरी आग लागली तरी फोन करायला कचरतो.

रियाज पंचवीस मिनिटांचा, आठवड्यातून पाच दिवस. सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) पोंपों ऐकू येण्याच्या सुमाराची वेळ चांगली. संध्याकाळी सात ते नऊ मुलांचे, त्याला हात लावू नका. डग्ग्याचा घुमारा स्लॅबमधून खालच्या घरात जातो, म्हणून चुंबळीखाली जुनी गोधडी चौपदरी घालून ठेवा. जोडी कपाटात बांधून ठेवलीत तर ती काढण्यातच उत्साह संपतो. कोपऱ्यात मांडलेलीच असू द्या, वर नुसते सुती कापड.

पाच मिनिटे एकच बोल, उदाहरणार्थ तिरकिट, मिनिटाला साठ मात्रांच्या लयीत. बारा मिनिटे एकच कायदा, म्हणजे विस्तार करत वाजवायची बोलरचना: मुख (मूळ बोल), चार पलटे (त्याच बोलांची फिरवाफिरव), तिहाई (तीनदा वाजवून केलेला शेवट). उरलेली आठ मिनिटे लेहऱ्यावर (तालाचे आवर्तन धरणाऱ्या धुनेवर) ठेका, एक दिवस झपताल, एक दिवस रूपक. कायदा महिनाभर बदलायचा नाही. तीन दिवस स्वच्छ वाजला तरच लय पाचने वाढवा. सहा दिवस हात न लावता रविवारी दीड तास वाजवणे ही सर्वांत मोठी चूक; मनगट आणि अंगठ्याचे मूळ दुखते, आणि सोमवारी पुन्हा सुट्टी. शिवाय रविवारची सकाळ मासळीची, ती घरच्यांची.

बोरीच्या पुलावरून कामावर जाण्या-येण्याचा वेळ पढंतीला वापरा. कायदा तोंडाने म्हणायचा, दुगुनीतही (दुप्पट लयीतही). गाडी तुम्हीच चालवत असाल तर हाताने ताल धरू नका. हातापायांनी वेगवेगळे ताल धरणे लयकारीसाठी नावाजलेल्या खाप्रूमाम पर्वतकरांना शोभे, ते स्टिअरिंगवर करायचे काम नव्हे.

गुरुजींकडे महिन्याला चार नव्हे, तीन शिकवण्या ठरवा, आणि त्या पहिल्या तीन आठवड्यांत. शेवटच्या आठवड्यात माल रवाना करण्याची घाई असते, तिथे चौथी बुडतेच. साथीचे कार्यक्रम वर्षात चारच. तारखा घेण्याआधी पत्नीला विचारा, नंतर कळवू नका. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी वास्कोत दामोदराचा भजनी सप्ताह बसतो. पारात (त्यातल्या गाण्याच्या मिरवणुकीत) वाजवायला बोलावले तर जा, पण दुसऱ्या दिवशी सकाळची बैठक ठेवू नका.

पावसाळ्यात आपल्या हवेने चामडे ओल धरते आणि स्वर उतरतो. मग लोक गठ्ठे (वादीखालचे लाकडी ठोकळे) ठोकठोकून खाली बसवतात. पाऊस ओसरला किंवा खोलीत एसी लावला की तीच पुडी (तोंडावरचे चामडे) ताणते आणि किनारीला फाटते. म्हणून पावसात वाजवून झाल्यावर गठ्ठे थोडे वर सरकवून ताण सैल करा. कोरड्या कापडाने शाई (मधला काळा गोल) आणि किनार पुसा. कपाटात ठेवायचीच झाली तर सिलिका जेलच्या पुड्या घाला. बल्ब लावलात तर कमी वॉटचा आणि हातभर लांब. जवळून ऊब लागली किंवा जोडी उन्हात ठेवली तर शाईला तडे जातात, आणि नवी पुडी चढवेपर्यंत रियाज पुन्हा बंद.